अमेरिकेतलं यादवी युद्ध आणि गुलामगिरी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेच्या इतिहासावर मराठीत लिहायला लागल्यापासून सगळ्यात जास्त प्रश्न येतात ते यादवी युद्धाबद्दल. विचारणारे साधारण तीन प्रकारचे. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी मुलं. न्यू जर्सी किंवा डॅलसला राहणारे आई-वडील, ज्यांच्या मुलीला शाळेतला प्रोजेक्ट उद्या द्यायचा असतो. आणि मुलाकडे सहा महिने राहून, गेटिसबर्गची रणभूमी बघून परतलेले आजी-आजोबा. आजोबांचे प्रश्न सगळ्यात अवघड असतात. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात सविस्तर असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. हे युद्ध नेमकं कुणात झालं आणि कधी?

एप्रिल १८६१ ते १८६५ चा वसंत. एका बाजूला अमेरिकेचं केंद्र सरकार आणि उत्तरेकडची राज्यं, दुसऱ्या बाजूला संघराज्यातून फुटून निघालेली दक्षिणेची ११ राज्यं. फुटलेल्यांनी आपला वेगळा ‘कॉन्फेडरसी’ नावाचा देश जाहीर केला होता. त्यांचा अध्यक्ष जेफरसन डेव्हिस, इकडे अब्राहम लिंकन. या ११ राज्यांची लोकसंख्या सुमारे ९० लाख, आणि त्यांतले ३५ लाख गुलाम. मेलेल्यांचा आकडा जुन्या पुस्तकांत ६ लाख २० हजार दिसेल, अलीकडचे काही अभ्यासक तो साडेसात लाखांपर्यंत नेतात. दोन्हीकडचे मेलेले अमेरिकनच.

२. फिरवाफिरवी न करता सांगा: युद्ध गुलामगिरीवरून झालं की नाही?

हा एक प्रश्न नाही, दोन आहेत, आणि ते एकत्र विचारल्यामुळेच सगळा घोळ होतो.

दक्षिण का फुटली? गुलामगिरी टिकवण्यासाठी आणि नव्या मुलखात नेण्यासाठी. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे (प्रश्न १५).

उत्तरेकडचे का लढले? सुरुवातीला तरी देश एकसंध राखण्यासाठी. ऑगस्ट १८६२ मध्ये लिंकननी एका संपादकाला जाहीर पत्रातून कळवलं, की एकाही गुलामाला मुक्त न करता देश वाचत असेल तर मी तसं करीन, आणि सगळ्यांना मुक्त करून वाचत असेल तर तसं करीन. गंमत अशी की तेव्हा मुक्तीच्या जाहीरनाम्याचा मसुदा त्यांच्या खणात तयार होता. १ जानेवारी १८६३ ला तो लागू झाला, तेव्हा कुठे देशाचं ऐक्य आणि गुलामांची मुक्ती ही दोन उद्दिष्टं एक झाली.

‘गुलामगिरीवरून नव्हतंच’ म्हणणारे दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पहिल्याला देतात. ‘उत्तरेनं गुलामांसाठी प्राण दिले’ म्हणणारे पहिल्याचं दुसऱ्याला.

३. ‘सर्व माणसं समान’ असं म्हणून स्वतंत्र झालेल्या देशानं घटनेतच गुलामगिरी का नाही काढली?

काढली असती तर दक्षिणेकडची राज्यं संघराज्यात आलीच नसती. मग १७८७ च्या घटनेत तडजोडी झाल्या. गुलामांचा परदेशी व्यापार १८०८ पर्यंत बंद करता येणार नाही. पळालेला गुलाम दुसऱ्या राज्यात सापडला तर परत द्यावा लागेल. आणि प्रतिनिधिगृहातल्या जागा ठरवताना पाच गुलाम म्हणजे तीन माणसं धरायची. या तीन-पंचमांशाचा अर्थ अनेकजण उलटा लावतात. गुलामाला तीन-पंचमांश मत मिळत नव्हतं. मत शून्य, फक्त त्याच्या डोक्यावर मालकाच्या राज्याला जादा जागा मिळायच्या, आणि राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत जादा मतंही. पहिल्या पाच राष्ट्राध्यक्षांपैकी चार व्हर्जिनियाचे, आणि चौघेही गुलामांचे मालक.

घटनेच्या या सगळ्या मजकुरात ‘गुलाम’ हा शब्द एकदाही येत नाही. ‘इतर व्यक्ती’, ‘कामाला बांधलेली व्यक्ती’ असं आडून आडून लिहिलंय. शब्दाची लाज होती, व्यवहाराची नव्हती.

४. उत्तरेत गुलामगिरी हळूहळू संपली, मग दक्षिणेत उलट वाढली कशी?

कापसामुळे. विदर्भातल्या वाचकांना हे चटकन कळेल. दक्षिणेच्या आतल्या भागात पिकणाऱ्या आखूड धाग्याच्या कापसाची सरकी रुईला घट्ट धरून बसते. ती हातानं सोडवायला बसलं तर दिवसभरात जेमतेम अर्धा किलो रुई निघायची. १७९३ मध्ये एली व्हिटनीनं सरकी काढायचं यंत्र, म्हणजे ‘जिन’, तयार केलं आणि तेच काम पन्नासपटीनं व्हायला लागलं. आपल्याकडचा ‘जिनिंग’ हा शब्द त्याच जिनचा.

यंत्र आलं की मजूर कमी लागतात, हा आपला हिशेब. इथे उलटं झालं. सरकी काढायची अडचण संपली, पण पेरणी, निंदणी आणि वेचणी माणसाच्या हातानंच होत राहिली. म्हणून जमीन वाढली, आणि जमिनीबरोबर गुलाम. १७९० च्या सुमारास वर्षाला काही हजार गासड्या निघत होत्या, १८६० मध्ये जवळजवळ ४० लाख. व्हर्जिनिया-मेरीलँडकडची तंबाखूची जमीन थकली होती. तिथले मालक गुलाम विकायला लागले आणि अलाबामा, मिसिसिपी, लुइझियानाचे मळेवाले विकत घ्यायला. युद्धापर्यंतच्या ७० वर्षांत सुमारे १० लाख माणसं अशी खाली दक्षिणेत गेली, काही मालकांबरोबर, बरीचशी बाजारातून. नवरा एका गावात, बायको-मुलं हजार मैलांवर. १८६० च्या जनगणनेत देशात ३९ लाख ५० हजारांवर गुलाम होते. साउथ कॅरोलायना आणि मिसिसिपीत तर निम्म्याहून जास्त माणसं गुलाम होती.

५. मिसुरीची तडजोड म्हणजे काय? परीक्षेला येते.

१८१९ मध्ये ११ राज्यं गुलामगिरीची, ११ बिनगुलामगिरीची. सिनेटमध्ये प्रत्येक राज्याचे दोनच प्रतिनिधी, म्हणून काटा बरोबर मध्ये. मिसुरीनं गुलामगिरीसह प्रवेश मागितला आणि काटा हलणार असं दिसलं. १८२० मध्ये तोडगा निघाला: मिसुरी गुलामगिरीसह आत, मेन गुलामगिरीविना आत, आणि फ्रान्सकडून विकत घेतलेल्या उरलेल्या मुलखात ३६ अंश ३० मिनिटं अक्षांशाच्या उत्तरेला गुलामगिरी नाही. म्हातारा माजी राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन म्हणाला, ही बातमी रात्रीच्या आगीच्या घंटेसारखी ऐकू आली. घंटा खरी होती, पण आग लागायला ४० वर्षं गेली.

६. जिथे गुलामगिरी होती तिथे ती राहूच देणार होते. मग रिकाम्या मुलखावरून एवढं भांडण का?

हा खरा मुद्द्याचा प्रश्न. (मुलूख रिकामा नव्हता, तिथे मूळ रहिवासी होते. पण भांडणाऱ्या दोघांनीही त्यांना धरलं नव्हतं.)

१८४६-४८ च्या युद्धात मेक्सिकोकडून कॅलिफोर्नियापर्यंतचा प्रदेश मिळाला. युद्ध चालू असतानाच पेनसिल्व्हेनियाच्या डेव्हिड विल्मॉटनं प्रस्ताव आणला, की या युद्धातून मिळेल त्या जमिनीवर गुलामगिरी नको. प्रतिनिधिगृहात तो मंजूर झाला, सिनेटमध्ये अडकला. मतं पक्षावर पडली नाहीत, प्रांतावर पडली. दोन्ही मोठे पक्ष मधोमध चिरले गेले ते तिथून.

दक्षिणेची भीती आकड्यांची होती. उत्तरेत लोकसंख्या वाढत होती, म्हणजे प्रतिनिधिगृह हातचं गेलंच होतं. नवी राज्यं बिनगुलामगिरीची आली तर सिनेटही जाणार, मग न्यायालय, मग एक दिवस घटनादुरुस्ती. १८५० मध्ये कॅलिफोर्निया आल्यावर १६ विरुद्ध १५ झालं, १८५९ पर्यंत १८ विरुद्ध १५. शिवाय गुलामांच्या किमती नव्या जमिनीच्या मागणीवर टिकून होत्या.

उत्तरेकडच्या सामान्य शेतकऱ्याला मात्र गुलामांचा कळवळा होता असं समजू नका. विल्मॉटनं स्वतः सांगितलं की आपण हे गोऱ्या कष्टकऱ्यासाठी मागतो आहोत. पश्चिमेला जमीन घ्यायची, तर शेजारी शंभर गुलाम राबवणारा जमीनदार नको, एवढा साधा स्वार्थ. पुढे रिपब्लिकन पक्ष उभा राहिला तो निर्मूलनवाद्यांच्या (गुलामगिरी मुळातूनच बंद करा म्हणणाऱ्यांच्या) तत्त्वापेक्षा या स्वार्थावर जास्त.

७. या सगळ्यात गुलाम स्वतः काय करत होते? तुमच्या लेखांत नुसते गोरे पुढारी दिसतात.

तक्रार मान्य. पळत होते, हे पहिलं उत्तर. १८३८ मध्ये फ्रेडरिक डग्लस खलाशाचे कपडे घालून, दुसऱ्याची कागदपत्रं खिशात ठेवून बाल्टिमोरहून आगगाडीत बसला. कागदावरचं वर्णन त्याच्याशी जुळत नव्हतं, पण तिकीट तपासणाऱ्यानं नीट वाचलं नाही. हा माणूस पुढे त्या काळातला सर्वात गाजलेला वक्ता झाला. हॅरिएट टबमन १८४९ मध्ये मेरीलँडहून पळाली आणि नंतर डझनभर वेळा परत जाऊन आपल्या माणसांना घेऊन आली.

बंडही झालं. १८३१ मध्ये व्हर्जिनियात नॅट टर्नरच्या टोळीनं पन्नासहून अधिक गोरे मारले, आणि त्याच्या सुडात त्याहून किती तरी जास्त काळे मारले गेले. त्यानंतर दक्षिणेत गुलामांना वाचायला शिकवण्यावरचे कायदे कडक झाले.

पळणाऱ्यांचा आकडा एकूण गुलामांच्या मानानं लहान होता. पण प्रत्येक पळालेला माणूस उत्तरेतल्या एखाद्या गावात ‘याला परत द्यायचा का?’ हा प्रश्न घेऊन उभा राहायचा. त्यातून काय झालं ते पुढच्या उत्तरात.

८. १८५० चा फरारी गुलामांचा कायदा एवढा का पेटला?

त्यानं दूरचा प्रश्न दारात आणून ठेवला. १८५० च्या तडजोडीत कॅलिफोर्निया बिनगुलामगिरीचं राज्य झालं, राजधानी वॉशिंग्टनमध्ये गुलामांचा बाजार बंद झाला आणि बदल्यात दक्षिणेला हा कायदा मिळाला. पकडलेल्या माणसाला ज्युरी नाही, स्वतःच्या बाजूनं साक्ष देता येत नाही. निर्णय कमिशनर देणार: सोडलं तर त्याची फी ५ डॉलर, मालकाकडे धाडलं तर १०. सरकारचं म्हणणं, धाडताना कागद जास्त रंगवावे लागतात. पळालेल्याला आसरा दिला तर १,००० डॉलर दंड आणि सहा महिने कैद. रस्त्यावरच्या कुठल्याही नागरिकाला पकडायला मदत करण्याचा हुकूम देता येत होता.

बोस्टनचं उदाहरण घ्या. २४ मे १८५४ ला अँथनी बर्न्स नावाचा विशीतला तरुण कपड्याच्या दुकानातलं काम संपवून घरी निघाला होता. त्याला वाटेत धरलं. दोन दिवसांनी जमावानं न्यायालयाचा दरवाजा फोडायचा प्रयत्न केला, त्यात एक पहारेकरी मेला. बर्न्स काही सुटला नाही. २ जूनला त्याला बंदरावर नेलं तेव्हा एका माणसाभोवती सैनिकांच्या तुकड्या आणि मागे तोफ. दोन्ही बाजूंना हजारो लोक, खिडक्यांना काळं कापड, आणि रस्त्यावर आडवी टांगलेली शवपेटी: ती स्वातंत्र्याची. एका बड्या गिरणीमालकानं लिहिलं, की आम्ही रात्री जुने सनातनी म्हणून झोपलो आणि सकाळी ठार वेडे निर्मूलनवादी होऊन उठलो. दक्षिणेच्या कापसावर गिरण्या चालवणारा माणूस हे लिहीत होता, ही गोष्ट मला भाषणांपेक्षा मोठी वाटते.

बर्न्सला पुढच्या वर्षी वर्गणी काढून १,३०० डॉलरला सोडवलं.

९. कॅन्ससमध्ये काय झालं?

थोडक्यात, बोगस मतदान आणि मग बंदुका. १८५४ मध्ये इलिनॉयचे सिनेटर स्टीफन डग्लस यांनी कायदा आणला: कॅन्सस आणि नेब्रास्कात गुलामगिरी असावी की नसावी ते तिथल्या वस्तीनं मतदानानं ठरवावं. (हे डग्लस गोरे, फ्रेडरिक डग्लसशी संबंध नाही. परीक्षेत दरवर्षी कुणीतरी चुकतं.) दोन्ही प्रदेश प्रश्न ५ मधल्या रेघेच्या उत्तरेला, म्हणजे ३४ वर्षांची तडजोड एका फटक्यात पुसली गेली. तेव्हाच्या दोन मोठ्या पक्षांपैकी एक, व्हिग, यात मोडला, रिपब्लिकन पक्ष यातून जन्मला.

लोकांनी ठरवावं हे ऐकायला लोकशाहीचं वाटतं. पण लोक म्हणजे कोण? मार्च १८५५ च्या निवडणुकीआधी कॅन्ससमध्ये २,९०५ मतदार मोजले गेले होते. मतं पडली ६,३०७. शेजारच्या मिसुरीतून टोळ्या आल्या, मतं टाकली आणि परत गेल्या. मग दोन विधिमंडळं, दोन राजधान्या आणि खून. मे १८५६ मध्ये लॉरेन्स गाव लुटलं गेलं, तीन दिवसांनी जॉन ब्राउननं पाच जणांना रात्री घराबाहेर काढून तलवारींनी कापलं.

१०. सिनेटच्या सभागृहात खरंच एका सदस्याला काठीनं मारलं होतं?

खरंच. २२ मे १८५६. मॅसॅच्युसेट्सचे चार्ल्स समनर यांनी कॅन्ससवर दोन दिवस भाषण केलं आणि त्यात साउथ कॅरोलायनाच्या अँड्र्यू बटलर यांची अगदी खालच्या पातळीवर टिंगल केली. बटलरांचा नातलग प्रेस्टन ब्रुक्स प्रतिनिधिगृहाचा सदस्य होता. तो सिनेटमध्ये आला. कामकाज संपलं होतं आणि समनर डेस्कवर टपालाचं काम करत बसले होते. ब्रुक्सनं हातातल्या जड काठीनं डोक्यावर मारायला सुरुवात केली. डेस्क जमिनीला स्क्रूनं बसवलेलं, पाय खाली अडकलेले. समनरनी उठायच्या धडपडीत डेस्कच उखडलं. काठीचे तुकडे होईपर्यंत मार चालू होता.

ब्रुक्सला ३०० डॉलर दंड झाला. त्यानं राजीनामा दिला, पुन्हा निवडून आला आणि दक्षिणेतून त्याला नव्या काठ्या भेट आल्या. समनर तीनेक वर्षं कामावर येऊ शकले नाहीत. मॅसॅच्युसेट्सनं त्यांनाच पुन्हा निवडलं, खुर्ची रिकामी ठेवली. पोस्टातून आलेल्या त्या काठ्या आणि ती रिकामी खुर्ची पाहिली की कळतं, देश फुटायला आता कागदच बाकी होता.

११. ड्रेड स्कॉट खटला काय होता?

मिसुरीतला ड्रेड स्कॉट हा गुलाम लष्करी डॉक्टर असलेल्या मालकाबरोबर इलिनॉयमध्ये आणि पुढे उत्तरेकडच्या फोर्ट स्नेलिंगला काही वर्षं राहिला होता. दोन्हीकडे गुलामगिरीला बंदी. मग मी स्वतंत्र, असं म्हणून त्यानं १८४६ मध्ये दावा लावला. ११ वर्षांनी, ६ मार्च १८५७ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, ७ विरुद्ध २. सरन्यायाधीश टॉनी म्हणाले, काळा माणूस, गुलाम असो वा स्वतंत्र, अमेरिकेचा नागरिक होऊ शकत नाही, आणि गोऱ्यानं मानावा असा कुठलाही हक्क त्याला नाही. वर, नव्या मुलखात गुलामगिरीवर बंदी घालायचा काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या संसदेला, अधिकारच नाही. म्हणजे रिपब्लिकन पक्षाचा मुख्य कार्यक्रमच घटनाबाह्य ठरला. वाद मिटवायला दिलेल्या निकालानं तडजोडीची जागाच संपवली.

स्कॉटला त्याच्या जुन्या मालकाच्या घराण्यानं तीन महिन्यांच्या आत मुक्त केलं. सव्वा वर्षात तो क्षयानं गेला.

१२. जॉन ब्राउन हुतात्मा की दहशतवादी?

विशेषण तुम्ही लावा, घटना मी सांगतो. कॅन्ससमधले खून प्रश्न ९ मध्ये आलेत. १६ ऑक्टोबर १८५९ च्या रात्री त्यानं २१ साथीदारांच्या बळावर व्हर्जिनियातल्या हार्पर्स फेरी गावच्या सरकारी शस्त्रागारावर हल्ला केला. त्या साथीदारांत पाच काळे होते. शस्त्रं गुलामांना वाटायची, असा बेत. आजूबाजूचे गुलाम उठले नाहीत. दीड दिवसात कर्नल रॉबर्ट ई. ली यांच्या हाताखालच्या मरीन सैनिकांनी त्याला धरलं. २ डिसेंबरला फाशी. त्या दिवशी उत्तरेतल्या काही गावांत चर्चच्या घंटा वाजल्या, आणि दक्षिणेनं त्याचा अर्थ लावला की सगळी उत्तर आपल्या गळ्यावर सुरी ठेवायला निघाली आहे. गावोगाव शिबंदी कवायती करू लागली.

१३. लिंकन निर्मूलनवादी होते ना?

१८६० पर्यंत तरी नव्हते. गुलामगिरी अन्याय आहे हे ते सतत म्हणत, पण राज्यांतल्या गुलामगिरीला हात लावायचा केंद्राला हक्क नाही असंही मानत. तिचा फैलाव थांबवायचा, मग ती आपोआप मावळेल, हा त्यांचा हिशेब. १८५८ मध्ये स्टीफन डग्लसबरोबरच्या सात वादसभांपैकी एकीत त्यांनी स्पष्ट सांगितलं की दोन्ही वंशांची सामाजिक-राजकीय समानता आपल्याला नको आहे. पुतळ्यातल्या लिंकनवर प्रेम करणाऱ्यांना हे वाचून धक्का बसतो. पण माणूस युद्धात बदलत गेला. शेवटच्या जाहीर भाषणात ते काही काळ्यांना मताधिकार द्यावा असं म्हणाले, आणि तीन दिवसांनी त्यांना गोळी लागली.

१४. ४० टक्केसुद्धा मतं नसताना लिंकन निवडून कसे आले? विरोधकांची मतं फुटली म्हणून?

आपल्याकडची मतविभागणी डोक्यात असते म्हणून असं वाटतं. डेमोक्रॅटिक पक्ष १८६० मध्ये उत्तर-दक्षिण असा फुटला हे खरं, आणि चार उमेदवार होते. लिंकनना ३९.८ टक्के मतं पडली, दक्षिणेतल्या दहा राज्यांत तर त्यांच्या नावाची मतपत्रिकाच नव्हती. पण राष्ट्राध्यक्ष राज्यवार मतांनी ठरतो (प्रत्येक राज्याला ठरावीक मतं, आणि तिथे पुढे असेल त्याला बहुधा ती सगळी), आणि त्यांना ३०३ पैकी १८० मिळाली. इतर तिघांची मतं एकत्र केली तरी लिंकन फक्त कॅलिफोर्निया, ओरेगॉन आणि न्यू जर्सीतली काही मतं गमावले असते. १६९ उरली असती. लागत होती १५२. दक्षिणेला हादरवलं ते याच गणितानं: आपलं एकही मत नसताना सरकार बनू शकतं.

१५. लिंकननी शपथही घेतली नव्हती, मग राज्यं फुटली कशाला?

साउथ कॅरोलायना २० डिसेंबर १८६० ला बाहेर पडलं, १६९ विरुद्ध शून्य मतांनी. १ फेब्रुवारीपर्यंत आणखी सहा. शपथविधी ४ मार्चला.

कारण त्यांच्याच कागदांत वाचावं. मिसिसिपीच्या निवेदनात सुरुवातीलाच आहे की आमची भूमिका गुलामगिरीच्या संस्थेशी पूर्णपणे निगडित आहे, आणि ती जगातली सर्वांत मोठी आर्थिक बाब आहे. कॉन्फेडरसीचे उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स २१ मार्च १८६१ ला सव्हानात म्हणाले, आमच्या नव्या सरकारची कोनशिला हेच महान सत्य आहे, की काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही. युद्ध हरल्यावर याच गृहस्थांनी जाडजूड ग्रंथ लिहून भांडण केंद्र-राज्य अधिकारांचं होतं असं पटवायचा प्रयत्न केला. मी युद्धाआधीचे स्टीफन्स प्रमाण मानतो.

१२ एप्रिलला चार्ल्सटन बंदरातल्या फोर्ट समटरवर तोफा सुटल्या. लिंकननी ७५ हजार स्वयंसैनिक मागवले, आणि त्यावर व्हर्जिनियासह आणखी चार राज्यं गेली.

१६. राज्यांचे अधिकार आणि आयातकर ही खरी कारणं होती, असं एका पुस्तकात वाचलं.

आयातकराचं आधी. १८३२-३३ मध्ये साउथ कॅरोलायना यावरून खरंच अडून बसलं होतं. पण १८५७ चा कर त्या काळातल्या सर्वांत कमी करांपैकी होता. वाढीव मॉरिल कर मंजूर झाला २ मार्च १८६१ ला, म्हणजे सात राज्यं निघून गेल्यानंतर. त्यांचे सिनेटर उठून गेले म्हणून तो मंजूर होणं सोपं झालं.

राज्यांचे अधिकार म्हणाल तर प्रश्न ८ मधला कायदा आठवा. तो उत्तरेकडच्या राज्यांच्या कायद्यांवर केंद्राचा वरवंटा होता. विस्कॉन्सिननं ‘आमच्या राज्यात चालणार नाही’ म्हटलं तेव्हा दक्षिण केंद्राच्या बाजूनं होती. साउथ कॅरोलायनाच्या निवेदनात तक्रार आहे ती उत्तरेकडची राज्यं आपले कायदे करून गुलाम परत देत नाहीत, ही. आणि कॉन्फेडरसीच्या घटनेत गुलामांच्या मालकीवर गदा आणणारा कायदा करायलाच मनाई होती.

१७. दक्षिणेतल्या बहुतेक गोऱ्यांकडे गुलाम नव्हते. मग ते कुणासाठी मेले?

फुटलेल्या राज्यांत साधारण तीनातल्या एका गोऱ्या कुटुंबाकडे गुलाम होते. बाकीच्यांचं बरंच काही त्यात अडकलेलं होतं: कुणी कापूस हंगामात गुलाम भाड्यानं घ्यायचा, कुणाला पुढेमागे विकत घ्यायचा होता. आणि कितीही गरीब असला तरी गावात आपल्या खाली कुणीतरी आहे, हा दिलासा. जातीच्या उतरंडीत वाढलेल्या आपल्या वाचकाला हे वेगळं समजवावं लागत नाही. शिवाय दारात आलेल्या सैन्याशी लढणं हे कारण होतंच, आणि १८६२ पासून सक्तीची भरतीही. वीस किंवा जास्त गुलाम असलेल्या मळ्यावरच्या एका गोऱ्याला भरतीतून सूट मिळाली, तेव्हा गरिबांनी फार कुरकुर केली.

१८. ब्रिटननं मालकांना पैसे देऊन गुलामगिरी संपवली. अमेरिकेला तेवढी अक्कल नव्हती?

ब्रिटननं सुमारे आठ लाख गुलामांसाठी २ कोटी पौंड दिले. गुलामांना एक छदाम नाही. अमेरिकेतल्या चाळीस लाख गुलामांची बाजारातली किंमत अंदाजे ३०० कोटी डॉलर, आणि १८६० मध्ये केंद्राचा वर्षाचा खर्च सव्वासहा कोटींच्या आसपास. भागाकार करून पाहा.

तरी लिंकननी प्रयत्न केला. डेलावेअरमध्ये १८६० ला फक्त १,७९८ गुलाम होते. माणशी ४०० डॉलर, एकूण ७,१९,२०० डॉलर, हप्त्यांनी. विधिमंडळानं दाद दिली नाही. राजधानीत मात्र एप्रिल १८६२ मध्ये माणशी ३०० डॉलरपर्यंत देऊन मुक्ती झाली. अडचण पैशाची होतीच, पण मालक विकायलाच तयार नव्हते.

१९. गुलामगिरी असूनही उत्तरेबरोबर राहिलेली राज्यं होती का?

चार: डेलावेअर, मेरीलँड, केंटकी आणि मिसुरी. व्हर्जिनियाचा पश्चिमेकडचा डोंगराळ भाग फुटीतून फुटला आणि १८६३ मध्ये वेस्ट व्हर्जिनिया म्हणून परत आला. केंटकी तर सुरुवातीला तटस्थ होतं. लिंकन आणि डेव्हिस दोघांचाही जन्म केंटकीतला, एका वर्षाच्या आतबाहेरचा.

२०. या युद्धाचा मुंबईशी संबंध कसा?

ब्रिटनच्या गिरण्यांना लागणारा सुमारे तीन चतुर्थांश कापूस अमेरिकेतून जायचा. उत्तरेनं दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली, तो थांबला आणि लँकेशायरच्या गिरण्या वऱ्हाड, खानदेश, गुजरातच्या कापसाकडे वळल्या. एरवी आखूड धाग्याचा आणि कचऱ्याचा म्हणून नाक मुरडलेला ‘सुरती’ माल कित्येक पटींनी विकला गेला. लोकांनी गाद्यांतला कापूस काढून विकल्याच्या गोष्टी जुन्या मुंबईच्या आठवणींत सापडतात. पैसा शेअरात गेला: बॅक बे भरणी कंपनीचा ५,००० रुपये भरलेला शेअर ५०,००० च्या वर पोचला. एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेचा सेनापती झालेल्या लीनं (प्रश्न १२) शरणागती पत्करल्याची बातमी आली आणि भाव कोसळले. १ जुलैला सौदे पुरे करायचे होते; किती तरी पेढ्या बुडाल्या. राजाबाई टॉवरला देणगी देणारे प्रेमचंद रायचंदही त्यात दिवाळखोर झाले.

२१. जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अमेरिकनांना अर्पण केली, ती याच युद्धामुळे?

हो. १८७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या पुस्तकाची अर्पणपत्रिका अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना आहे, गुलामांना दास्यातून सोडवण्यात त्यांनी दाखवलेल्या निरपेक्ष वृत्तीबद्दल. आपल्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता गिरवावा, अशी आशाही त्यात आहे. युद्ध संपून आठच वर्षं झाली होती. प्रश्न २ आणि ६ वाचल्यावर एकानं विचारलं, मग फुल्यांनी उत्तरेला जरा जास्तच श्रेय दिलं का? पुढाऱ्यांचा हिशेब मांडला तर हो. निर्मूलनवाद्यांचा मांडला तर नाही. तीस वर्षं शिव्या आणि दगड खाऊन ते हेच सांगत होते. आणि फुल्यांना अमेरिकेचा इतिहास लिहायचा नव्हता, इथल्या भटशाहीपुढे आरसा धरायचा होता.

२२. मग गुलामगिरी नक्की कोणत्या दिवशी संपली?

एक तारीख नाही. १ जानेवारी १८६३ चा जाहीरनामा फक्त बंडखोर भागांना लागू होता. प्रश्न १९ मधली चार राज्यं त्यातून वगळली होती, टेनेसीही. बाकी ठिकाणी सैन्य पोचेल तशी मुक्ती पोचली. टेक्सासमधल्या गॅल्व्हस्टनला ती १९ जून १८६५ ला कळली, म्हणून ‘जूनटीन्थ’. २०२१ पासून त्या दिवशी देशभर सुट्टी असते. मेरीलँड आणि मिसुरीनं युद्ध संपण्याआधी स्वतःच गुलामगिरी बंद केली. केंटकी आणि डेलावेअरनं नाही. तिथल्या गुलामांना ६ डिसेंबर १८६५ पर्यंत थांबावं लागलं, तेराव्या घटनादुरुस्तीला पुरेशा राज्यांची मंजुरी मिळेपर्यंत. त्या दुरुस्तीतही गुन्ह्याच्या शिक्षेचा अपवाद आहे, आणि दक्षिणेत पुढे कैद्यांना मळ्यांवर, खाणींत भाड्यानं दिलं गेलं ते त्याच फटीतून.

मिसिसिपीनं ही दुरुस्ती मंजूर केली १९९५ मध्ये. मंजुरीचा कागद केंद्राकडे पाठवायचा राहून गेला. तो २०१३ मध्ये गेला.